त्याच्या पत्त्यावरून

४ फेब्रुवारी

राजीनामा मंजूर झाला. खरेदी विभागात इतकी वर्षं दुसऱ्याच्या पैशाने बाटल्या, बुचं, ब्रश, डिंक विकत घेतला. आता स्वतःच्या पैशाने एक अख्खा छोटा कारखाना घ्यायचा आहे. नवा काढायचा नाही, चालू असलेला घ्यायचा. ही कल्पना नवऱ्याची. तो म्हणायचा, मालक म्हातारे झालेत, मुलं परगावी नोकऱ्या करतात आणि धंदे मात्र नीट चालू आहेत. आपण सरळ विचारायचं, विकता का. तो बोलणार, मी मोजणार, अशी वाटणी ठरली होती. फर्म काढली, पाटीचा रंग ठरला, आणि ऑक्टोबरात जिन्यावर बसून "जरा दम खातो" म्हणाला तो उठलाच नाही.

नणंद म्हणते, वहिनी, वर्षभर काही मोठं ठरवू नकोस. तिचं चुकत नाही. पण नोकरीत राहिले असते तर रोज डबा उघडताना लोकांच्या चेहऱ्यावरची दया बघावी लागली असती. ती मला पचत नाही.

एकच कारखाना घ्यायचा आहे. तेवढे पैसे आहेत आणि तेवढीच हिंमत. नाही जमलं तर मान खाली घालून पुन्हा त्याच खुर्चीत.

९ फेब्रुवारी

मालकांना मेल कोणत्या पत्त्यावरून पाठवायचे यावर सल्लागाराबरोबर खल झाला. हा सल्लागार नवऱ्याने शोधलेला. स्वतः कधी टपरीसुद्धा चालवली नाही, पण धंदे कसे विकत घ्यावेत हे लोकांना शिकवतो. मनात मी त्याला उंटावरचा शहाणा म्हणते.

माझा पत्ता एकच, कॉलेजात असताना काढलेला. माहेरचं नाव आणि त्याला जोडून 'मनमौजी'.

"मॅडम, या पत्त्यावरून कारखाना मागणार?"

"का? पैसे तर तेच आहेत."

"पैसे नंतर दिसतात, पत्ता आधी दिसतो. गाऊन घालून बँकेत गेल्यासारखं वाटेल हे."

"मग फर्मच्या पत्त्यावरून पाठवते."

"त्यात दुसरी गोम आहे. फर्म दिसली की म्हाताऱ्या मालकाला वाटतं दलाल आला. साध्या पत्त्यावरून माणूस बोलतोय असं वाटतं."

"मग करू काय?"

"ते तुम्हाला ठरवायचंय," म्हणाला, आणि चहा संपवला. याचे हा पैसे घेतो.

मी हट्टाला पेटून मनमौजीवरूनच मेल पाठवले. खिळेवाल्याला, मेणबत्तीवाल्याला, दोऱ्याच्या रिळवाल्याला आणि आणखी काही जणांना.

१५ फेब्रुवारी

एकच उत्तर आलं, मेणबत्तीवाल्याकडून. "ताई, आमची वर्गणी मागच्या महिन्यात दिलेली आहे." हसावं की रडावं.

शेवटी फर्मची मेलची पेटी उघडली. फर्मच्या नावाने पेटी एकच आहे, त्याची. माझी तो उद्या काढून देणार होता. त्याचा उद्या म्हणजे काय हे मला लग्नापासून माहीत आहे. पासवर्डही मला माहीत होता. आत न वाचलेल्या जाहिराती साचलेल्या, आणि एका विमा कंपनीने त्याला दीर्घायुष्य चिंतलेलं. ते तेवढं पुसून टाकलं.

पहिला मेल ब्रशवाल्यांना. बाटल्या धुवायचे तारेचे ब्रश यांच्याकडचे मी वर्षानुवर्षं मधल्या व्यापाऱ्याकडून घेतले, माणसं कधी पाहिली नाहीत. खोक्यावर छापलेला पत्ता एका बाईंचा, घरगुती, नाव आणि जन्मसाल असा. मेलच्या खाली मी फक्त फर्मचं नाव घातलं. समोर कसा दिसतो ते कळावं म्हणून एक मेल नणंदेलाही पाठवला.

१६ फेब्रुवारी

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

नणंदेचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "वहिनी, दादाचा मेल आलाय."

पेटी त्याची म्हणजे वर नावही त्याचंच. शेजारी गोल चौकटीत फोटो, पिवळ्या टोपीतला, डोळे उन्हाने मिचकावलेले. ती ऑफिसात कामात असताना समोर तो उगवला. बिचारी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिली होती.

मी किती वेळा माफी मागितली. शांत झाल्यावर म्हणाली, "सेटिंगमध्ये जा आणि नाव बदल. दोन मिनिटांचं काम आहे."

गेले. नावाच्या चौकटीत बोट ठेवलं. शेवटचं अक्षर पुसलं, मग त्याच्या आधीचं. उरलेलं नाव असं काही अर्धवट दिसायला लागलं की मी पुसलेली अक्षरं परत भरली आणि पेटी बंद केली.

१९ फेब्रुवारी

ब्रशवाल्या बाईंचं उत्तर. जसंच्या तसं उतरवते:

"साहेब मेल मिळाला. विकायचा विचार आहे पण कोणालाही नाही. गोदामवाला मागे लागलाय त्याला फक्त जागा हवी मशीन भंगारात घालणार. तुम्हाला ब्रश कळतो का. — बाई"

स्वल्पविरामाचासुद्धा खर्च नाही. मला ही बाई एकदम आवडली.

साहेब. म्हणजे नाव बघून लिहिलंय. आता खुलासा करायला हवा की साहेब नाहीत, मी आहे. पण पहिल्याच उत्तरात "साहेब वारले" असं लिहायचं? कोण विकेल? रडणाऱ्या बाईला धंदा कोणी देत नाही, भाजी फारतर देतात. पुढच्या मेलमध्ये सांगेन.

२० फेब्रुवारी

सांगितलं नाही. उत्तर मात्र लिहिलं. ब्रशाची तार कुठे सैल पडते, केस कुठे गळतात, मूठ कशी गंजते, सगळं मला पाठ. "आम्हाला असं वाटतं" म्हणत म्हणत आडून लिहीत होते, आणि शेवटच्या ओळीला बोटं आपोआप "खरं सांगतो" असं लिहून गेली. त्याची सवय. खोटं बोलायच्या आधी नाही, गंमत करायच्या आधी म्हणायचा. मग गंमतही लिहिली: "खरं सांगतो बाई, तुमचा ब्रश आमच्याकडे इतका टिकतो की तुमचा धंदा कसा टिकला याचंच नवल वाटतं."

मी जन्मात अशी बोलले नसते.

पाठवल्यावर फोनवर त्याचं नाव ठळक उमटलं. पाठवलेल्याची प्रत येते म्हणे. मग बराच वेळ फोन उलटा ठेवला नाही.

२ मार्च

बाई रोज नाही, पण दिवसाआड लिहितात. मला माहीत नव्हतं मेलवर इतकं बोलता येतं. "साहेब आमच्या मशीनला पीळ द्यायची घाई केली तर तार तुटते माणसाचंही तसंच." मी लिहिलं, "आमच्या घरी एकच माणूस पिळाचा, आणि तो मी नाही." हे त्याचं माझ्याबद्दलचं नेहमीचं वाक्य. स्वतःवरचा टोमणा स्वतःच लिहून मी हसले, आणि हसू संपल्यावर खोली फार मोठी वाटायला लागली.

काल बाईंनी विचारलं, "साहेब मेल फार उशिरा येतात झोप लागत नाही का. आमच्याकडेही नाही."

काय उत्तर देऊ? "इथे निवांत असतं," एवढंच लिहिलं. पाठवल्यावर मला माझीच भीती वाटली.

११ मार्च

कारखाना बघून आले.

पत्र्याचं छप्पर, लांबट खोली, जमिनीवर कापलेल्या केसांचा काळापांढरा थर. दोन तारा, मध्ये केस पसरलेले, मशीनने गिरकी दिली की क्षणात पीळ बसतो आणि काटेरी ब्रश तयार. मी लहान पोरीसारखी बघत उभी राहिले. चारच कामगार आणि मालक. त्यांना सगळे काका म्हणतात. उंच, वाकलेले, बोटांना तारांचे चरे.

"साहेब नाही आले?" त्यांनी दारातच विचारलं.

"ते बाहेरगावी आहेत. कामासाठी." इतक्या सफाईने बोलले की मीच चपापले. "आणि बाई?"

"बाई घरी असतात हल्ली." काका मशीनकडे बघत होते. "मेल सगळे त्याच बघतात. मी आपला तार बघतो."

कोपऱ्यात बाईंचं टेबल. जुना कॉम्प्युटर, कळांवर घडी घातलेला चष्मा, खुर्चीवर शिवलेली उशी. मी बसायला गेले तर एका कामगाराने पटकन स्टूल पुढे केलं. बाईंना आपल्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं खपत नसणार. तसल्या बायका असतात, माझी आई होती. मी त्यांच्यासाठी नेलेली फुलझाडाची कुंडी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. शेवटी टेबलावर चष्म्याच्या शेजारी ठेवली.

निघताना म्हणाले, "आमच्या पोराला नकोय हे. तो लांब असतो. गोदामवाला येतो, पट्टी लावून जमीन मोजतो आणि जातो. मशीनकडे बघतसुद्धा नाही."

"मी बघितलं, काका."

"ते दिसलं," म्हणाले. "बाईंना सांगतो."

१२ मार्च

बाईंचा मेल: "साहेब तुमच्या मिसेस आल्या होत्या. मशीनजवळ उभ्या राहिल्या की खाली बघून उभ्या राहतात केस पायाखाली येऊ नये म्हणून. कोणी शिकवलं त्यांना."

काका घरी जाऊन किती बारीकसारीक सांगतात बायकोला. हेवा वाटला. सरळ हेवाच.

२३ मार्च

सल्लागार कागद बघून म्हणाला, "ब्रशवाल्यांची भागीदारी नवरा-बायकोची आहे. दोघांच्या सह्या लागतील. आणि हा घरगुती पत्ता बघा, नाव आणि जन्मसाल. असल्या पत्त्यावर धंदा चालवतात. गबाळं काम."

"याच पत्त्यावरून त्यांनी माझ्या प्रत्येक मेलला उत्तर दिलंय. तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावरून मला आजवर फक्त बिलं आली."

त्याने कागद आवरले. मला बरं वाटलं.

काकांना सह्यांचं विचारलं. म्हणाले, बाईंना विचारून सांगतो. उत्तर बाईंकडून आलं: "साहेबांना समोर बसवून चार प्रश्न विचारायचे आहेत. साहेब आल्याशिवाय सही नाही."

झालं. आता साहेब कुठून आणू?

२९ मार्च

नणंद आली होती. मी ओट्यापाशी उभी राहून बाईंना लिहीत होते. दारातूनच म्हणाली, "वहिनी, खाली बस."

"का गं?"

"तू दादासारखी उभी आहेस."

खाली बघितलं. एक पाऊल दुसऱ्या पावलावर. तो तसाच उभा राहून टाइप करायचा, बगळा म्हणून मी चिडवायचे. केव्हापासून करतेय, मला माहीत नाही.

मग तिने फोन हातातून घेतला आणि वाचलं. सगळं, पहिल्यापासून. वाचताना एकदा हसली, एकदा डोळे पुसले. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "हुबेहूब तोच आहे गं." आणि थोड्या वेळाने, "म्हणूनच बंद कर. तू त्याला घरात ठेवलंयस, आणि स्वतः कुठे आहेस? या मेलांमध्ये तू एकदाही नाहीस."

मी म्हटलं, ब्रशाचं सगळं ज्ञान माझंच आहे त्यात.

"मग तेही त्याच्या नावावर गेलं," ती म्हणाली.

रागाने मी तिला जेवायचासुद्धा आग्रह केला नाही. ती जेवून गेली ते तिच्या स्वभावाने.

५ एप्रिल

गोदामवाल्याने लेखी मागणी दिली, महिनाअखेरपर्यंत उत्तर द्या म्हणाला. हे बाईंनीच कळवलं. शेवटी लिहिलंय: "साहेब आता यायला हवं."

मी दिवसभर उत्तर जुळवत बसले. साहेब आजारी आहेत. साहेब परदेशी गेलेत. साहेबांचा पाय मोडला. प्रत्येक वाक्य त्याच्या आवाजात ऐकू येत होतं आणि प्रत्येक वाक्यात तो जिवंत होता. पाय मोडलेला, पण जिवंत. असं किती दिवस? उद्या व्यवहार झाला तर त्या खोलीत कोण जाणार रोज, तो?

खरं सांगितलं तर कारखाना जाईल. बाई विश्वासावर विकतायत, आणि तो विश्वास मी एका मेलेल्या माणसाच्या नावाने कमावलाय. नाही सांगितलं तर काय जाईल ते लिहवत नाही.

उद्या सकाळी जाते. मेल नाही. तोंडाने सांगते.

६ एप्रिल

काका एकटेच होते, कामगार यायचे होते. एक ब्रश कात्रीने सारखा करत बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं,

"काका, साहेब येणार नाहीत. ते ऑक्टोबरात गेले. मेल सगळे मी लिहिले."

कात्री थांबली नाही. दोन केस कापले, ब्रश फिरवला, आणखी एक कापला. मी वाट बघत होते, आता म्हणतील निघा.

"बसा," म्हणाले.

मी स्टूल ओढलं.

"स्टुलावर नाही. खुर्चीवर बसा."

मी उशीकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं. कुंडी तिथेच होती, माती ओली होती. कळांवर धूळ होती, फक्त काही कळा स्वच्छ, एका बोटाने हळूहळू लिहिणारा माणूस ज्या दाबेल तेवढ्या. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खरेदीत मी मालातला दोष खोकं न उघडता ओळखायचे. इथे दीड महिना समोर होतं आणि दिसलं नाही.

"बाई?"

"ती नोव्हेंबरात गेली." आजवर ते 'बाई म्हणतात' असंच बोलायचे. आज पहिल्यांदा 'ती'. "मला पत्ताच नाही ना स्वतःचा. कधी लागलाच नाही. खोक्यावर तिचा, बिलावर तिचा. तुमचा मेल तिच्या नावाने आला. मग उत्तर तिनेच द्यायला हवं." कात्री बाजूला ठेवली. "आधी वाटलं एकदाच लिहू. मग साहेबांनी ती टिकण्याची गंमत केली. तिला फार आवडली असती ती. तिने काय उलट उत्तर दिलं असतं याचा मी रात्रभर विचार केला. तेवढा विचार ती असताना कधी केला नव्हता."

"मग साहेबांना समोर बसवायचं का म्हणालात?"

"सही मागायला लागलात. तिची कुठून आणू? म्हटलं, तुमचे साहेब बाहेरगावी असतात, ते आले की बघू. ते काही लवकर येईनात, मला बरंच होतं."

मी रडले. ते रडले नाहीत, पण ब्रश हातात उलटा धरून बसले, आणि केस तळव्यात टोचत असणार हे त्यांना कळत नव्हतं. मी तो काढून घेतला.

कामगार आले. त्यातल्या वयस्काने मला बाईंच्या खुर्चीवर बसलेलं बघितलं, थबकला, मग जाऊन मशीन चालू केलं.

"त्या दोघांचं मेलवर चांगलं जमलं होतं," काका म्हणाले. "माझं तिचं इतकं जमत नव्हतं, खोटं कशाला बोलू."

"आमचंही नाही," मी म्हटलं. हे मी इथे पहिल्यांदा लिहितेय आणि ते खरं आहे. शेवटच्या वर्षी आम्ही जास्त करून हिशोबच बोलायचो.

मग काकांनी ते चार प्रश्न मला विचारले. तार कुठून घ्याल? कामगारांचं काय? खोटा भाव कराल का? चौथा प्रश्न त्यांना आठवेना. म्हणाले, तो बाईंचा होता.

१८ एप्रिल

व्यवहार ठरला. बाईंच्या जागी मुलगा येऊन सही करणार आहे. गोदामवाल्याला नकार काकांनी फोनवर दिला. मला वाटतं त्यांनी तो चवीने दिला.

सल्लागार म्हणाला, आता हे चालणार नाही, दोन्ही मयतांचे पत्ते बंद करा, लोकांना नवे कळवा. पहिल्यांदाच त्याचं म्हणणं पटलं.

नणंद लॅपटॉप घेऊन बसली. "तुझा पत्ता काय ठेवू? फर्मचं नाव पुढे, की नुसतं तुझं, की ती मनमौजी?"

"माझं नाव. पुढे फर्मचं. जसा त्याचा होता तसाच."

दोन मिनिटांत झालं. त्याचा उद्या.

काकांनाही तिने फोनवरून एक पत्ता काढून दिला. मग दोन्ही जुन्या पेट्यांवर आपोआप जाणारं उत्तर लावलं, कोणी मेल पाठवला की पेटी स्वतःच कळवेल. त्याच्या पेटीवर मी लिहिलं: "मी आता या पत्त्यावर नाही. ब्रशाचं काम असेल तर माझ्या बायकोला विचारा, तिला जास्त कळतं." नणंद म्हणाली, सरळ लिही ना वारले म्हणून. म्हटलं, शेवटचं आहे, त्याच्या पद्धतीने जाऊ दे. काकांनी बाईंच्या पेटीवर काय लिहिलं ते विचारलं नाही.

१९ एप्रिल

सकाळी माझी नवी पेटी उघडली. एकच मेल, काकांच्या स्वतःच्या पत्त्यावरून. "मशीनला तेल घातले. सोमवारी लवकर या."

मग सवयीने त्याची उघडली. पेटी भरून वाहत होती.

काल संध्याकाळी बाईंच्या पत्त्यावरून शेवटचा एक मेल आलेला: "साहेब कारखाना तुमच्या मिसेसना दिला. काळजी नसावी. — बाई". आपोआपचं उत्तर लावून झाल्यावर काकांनी हा निरोप पाठवला. त्याला त्याच्या पेटीने आपोआप उत्तर दिलं: मी आता या पत्त्यावर नाही, बायकोला विचारा. ते उत्तर गेलं बाईंच्या पेटीत. तिने आपोआप उलट कळवलं: "बाई इथे नाहीत. निरोप पोचला." ते आलं त्याच्याकडे. त्याने परत उत्तर दिलं. तिने परत. रात्रभर. मी खाली खाली सरकवत गेले, संपेचना. त्याचं नाव, बाईंचं नाव, त्याचं नाव, बाईंचं नाव. मी बघत असतानासुद्धा वर एक नवीन उमटलं.

नणंदेला फोन केला. ती हसली. "यांना कळत नाही ना समोर कोण आहे ते," म्हणाली. "असंच चालू राहील वहिनी, पेटी गच्च भरेपर्यंत. दोन मिनिटांत बंद करते."

"आज नको," मी म्हटलं.

"का?"

"बोलतायत."